क्वासार, खोडद आणि आमचें खगोलवाङ्मय

मराठींत आकाशाविषयीं लिहिणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘ज्योतिर्विलासा’पासून मोजलें तरी ह्या वाङ्मयाचें वय शंभर वर्षांहून पुष्कळ अधिक भरतें, आणि अलीकडे तर मासिकें, रविवारच्या पुरवण्या व लहानमोठीं पुस्तकें यांतून ग्रहतारे, कृष्णविवरें आणि क्वासार यांची नुसती गर्दी उडालेली असते. ही गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु ह्या लेखनापैकीं बराचसा भाग वाचून खालीं ठेवल्यावर वाचकाच्या पदरांत नेमकें काय पडतें, असा प्रश्न कोणीं केला तर आम्हांस समाधानकारक उत्तर देतां येत नाहीं. अमुक वस्तु तेरा अब्ज प्रकाशवर्षांवर आहे. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारें साडेनऊ लक्ष कोटि किलोमीटर. अहाहा, मनुष्य तो केवढा! – एवढ्यावर लेख संपतो. वाचक आ वासतो, हात जोडतो आणि पान उलटतो. हें स्तोत्र झालें. शास्त्रीय वाङ्मय नव्हे.

ह्याच्या उलट आमच्या मंडईंत काय चालतें तें पाहावें. ही इमारत १८८६ सालीं ‘रे मार्केट’ म्हणून उघडली गेली आणि पुढें तिला महात्मा फुल्यांचें नांव मिळालें. नगरपालिकेचे सभासद असतां जोतीरावांनीं ह्याच बांधकामाच्या खर्चास विरोध करून तो पैसा शिक्षणाकडे लावा म्हटलें होतें, हा इतिहासाचा विनोद पुणेकर सहसा आठवीत नाहींत. घाऊक बाजार गुलटेकडीस जाऊन बरींच वर्षें लोटलीं, तरी अष्टकोनी मनोऱ्याखालच्या गाळ्यांवर गिऱ्हाइकाचा खाक्या जुनाच आहे. भाजी घेणारी बाई विक्रेत्याच्या शब्दावर विसंबत नाहीं. कलिंगड गोड आहे म्हटलें कीं ‘कशावरून?’ असें विचारून ती तें वाजवून पाहते. मटारची शेंग सोलून दाणा पाहते. तराजूचा कांटा स्थिर होईपर्यंत त्यावरची नजर काढीत नाहीं. आणि हीच बाई घरीं येऊन तेरा अब्ज प्रकाशवर्षें मात्र एका शब्दानें न विचारतां पदरांत घेते! दोष तिचा नाहीं. लेखकानें तिला विचारावयास जागाच ठेवलेली नसते. मंडईच्या कट्ट्यावर रंगणाऱ्या वादांस लोक थट्टेनें ‘मंडई विद्यापीठ’ म्हणतात; पण आमच्या मतें खगोललेखकांनीं त्या विद्यापीठाची ही एक तरी परीक्षा दिलीच पाहिजे.

प्रस्तुत लेखांत हीच कसोटी आम्ही एका विषयास लावून पाहणार आहों : अतिदूरच्या क्वासारांचें रेडिओ दुर्बिणींनीं केलेलें सूक्ष्म निरीक्षण. विषय परका वाटेल, पण तो तसा नाहीं. नारायणगांवचा टोमॅटो पुण्यांत कोणास ठाऊक नाहीं? त्याच नारायणगांवापासून जवळ, जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें जी प्रचंड रेडिओ दुर्बीण उभी आहे तिचा आणि ह्या विषयाचा संबंध निकटचा आहे. आणि ह्या विषयावरील एका मोठ्या वादांतले दोन प्रमुख पुरुष पुण्यासच, गणेशखिंडीच्या एकाच आवारांत, शेजारीशेजारी काम करीत होते. त्यांच्याकडे आम्ही पुढें येऊं.

क्वासारांची हकीकत बहुतेक पुस्तकांत १९६३ सालापासून सुरू होते. त्या वर्षीं पालोमार येथील मार्टेन श्मिट यांनीं ३सी २७३ ह्या वस्तूच्या वर्णपटांतील रेषा ओळखल्या. त्या साध्या हायड्रोजनच्याच होत्या, पण आपल्या जागेपासून सुमारें सोळा टक्क्यांनीं तांबड्या टोकाकडे सरकलेल्या होत्या. ह्या सरकण्यास ताम्रसृति म्हणतात. विश्व प्रसरण पावत आहे असें धरलें तर एवढ्या ताम्रसृतीचा अर्थ दोन अब्ज प्रकाशवर्षांहून अधिक अंतर असा होतो. आणि इतक्या दुरून ताऱ्यासारखी दिसणारी वस्तु अनेक दीर्घिकांच्या एकत्रित तेजाहून तेजस्वी असली पाहिजे. हें सर्व आमच्या पुस्तकांत येतें. येत नाहीं तें ह्याच्या आधल्या वर्षाचें. आकाशांतील असंख्य ठिपक्यांपैकीं नेमका हाच ठिपका रेडिओ लहरी पाठवीत आहे, हें कळलें कशावरून? त्या काळच्या रेडिओ दुर्बिणींची नजर इतकी अधू होती कीं, त्यांनीं दाखविलेल्या जागेंत डझनावारी तारे बसावेत. ही अडचण सोडविली ती चंद्रानें. १९६२ सालीं सिरिल हॅझर्ड व त्यांचे सहकारी यांनीं ऑस्ट्रेलियांतील पार्क्सच्या दुर्बिणीनें हा स्रोत चंद्रबिंबाआड जातांना आणि बाहेर येतांना पाहिला. चंद्राची कड कोणत्या क्षणीं कोठें असते हें गणितानें ठाऊक असतें. स्रोत मावळला त्या क्षणींची कड आणि उगवला त्या क्षणींची कड, ह्या दोन कंसांचा छेद जेथें होईल तेथें तो स्रोत. आणखी एक गोष्ट : स्रोत झटकन् विझला तर तो आकारानें बारीक, सावकाश विझला तर मोठा. चंद्र एका सेकंदांत सुमारें अर्धा विकला सरकतो, तेव्हां घड्याळाच्या कांट्यानें आकाशांतील विकला मोजतां येते. कलिंगड वाजवून पाहण्याचाच हा प्रकार आहे. हें वाचून मंडईंतील बाईचें समाधान झालें असतें. पण आमचा लेखक तिला तें सांगत नाहीं, कारण त्याला ‘अनेक दीर्घिकांइतकें तेज’ ह्या वाक्याकडे धांवण्याची घाई असते.

ह्याच चंद्रपिधानाच्या पद्धतीवर एका भारतीयानें आपली कीर्ति उभारली. प्रो. गोविंद स्वरूप हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आले, आणि त्यांनीं प्रथम १९६५ सालीं कल्याणला ऑस्ट्रेलियांतून आलेल्या बत्तीस लहान थाळ्या मांडून सूर्याचें निरीक्षण केलें. पुढें उटीजवळ १९७० सालीं त्यांची मोठी दुर्बीण तयार झाली : ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद. ती एका डोंगराच्या उतारावर आहे, आणि तो उतार त्या स्थळाच्या अक्षांशाइतकाच, म्हणजे ११ अंशांचा आहे. त्यामुळें दुर्बिणीचा आंस पृथ्वीच्या आंसाशीं समांतर होतो आणि ती एकाच आंसाभोंवतीं फिरवून उगवल्यापासून मावळेपर्यंत तारा धरून ठेवतां येतो. पैसा थोडा असला तर डोंगरालाच यंत्राचा भाग करावा, ही युक्ति आम्हांस अनेक अब्ज प्रकाशवर्षांहून अधिक अद्भुत वाटते. ह्या दुर्बिणीनें शेंकडों रेडिओ स्रोतांचे आकार चंद्राच्या साह्यानें मोजण्यांत आले, आणि त्यांवरून १९७५ सालीं स्वरूप आणि विजय कपाही यांनीं दाखविलें कीं, जे स्रोत अधिक मंद, ते सरासरीनें आकारानेंही लहान. आणि दूरच्या, म्हणजेच पूर्वीच्या काळचे स्रोत आजच्यांहून वेगळे होते असें मानल्यावांचून ह्या आंकड्यांचा मेळ बसत नाहीं. विश्व सर्वकाळ सारखेंच आहे असें म्हणणाऱ्या स्थिरस्थिति-सिद्धान्ताला हा जबर धक्का होता.

आतां खोडद. ह्या दुर्बिणींत ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. चौदा मध्यभागीं सुमारें एका चौरस किलोमीटरांत, आणि बाकीच्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या तीन फांट्यांवर. टोंकाच्या थाळ्यांमधील अंतर २५ किलोमीटरांपर्यंत जातें. थाळ्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून पोलादी तारांच्या जाळीचा आहे. येथें येणाऱ्या लहरी वीतभरापासून दोन मीटरपर्यंत लांब असतात. त्यांना बारीक छिद्रांची जाळी आरशासारखीच, आणि वारा मात्र आरपार निघून जातो. त्यामुळें सांगाडा हलका आणि खर्च कमी. एकच लहर निरनिराळ्या थाळ्यांवर किंचित् मागेंपुढें पोंचते; तो फरक जुळवून घेतला कीं तीस थाळ्या मिळून २५ किलोमीटर रुंदीच्या एका डोळ्याचें काम करितात. वर्तमानपत्रें ‘जगांतील मोठ्या दुर्बिणींपैकीं एक’ एवढें सांगून थांबतात. मोठी म्हणजे काय? तिला दिसतें किती बारीक? हें सांगणें मुळींच कठीण नाहीं. एक विकला म्हणजे एक किलोमीटरवरून दिसणारा तुरीचा दाणा. मंडईच्या मनोऱ्यावर उभें राहून शनिवारवाड्यापाशीं ठेवलेला दाणा ओळखावा, अशी ती गोष्ट. खोडदची दुर्बीण एकवीस सेंटिमीटर लांबीच्या लहरींनीं पाहते तेव्हां तिची नजर सुमारें दोन विकलांची, म्हणजे शनिवारवाड्यापाशींचा हरभऱ्याचा दाणा दिसण्याइतकी असते. पण लहर दोन मीटरांची घेतली तर त्याच अंतरावरचें मोसंबें दिसावें, इतकीच ती उरते. लहर लांब तितकी नजर मंद, आणि थाळ्यांतील अंतर मोठें तितकी ती तीक्ष्ण.

म्हणूनच अतिदूरच्या क्वासारांचा आकार पाहावयाचा तर पंचवीस किलोमीटर पुरत नाहींत. अमेरिकेनें हवाईपासून व्हर्जिन बेटांपर्यंत दहा थाळ्या मांडल्या आहेत. त्यांमधील अंतर आठ हजार किलोमीटरांपर्यंत भरतें आणि नजर एका विकलेच्या हजाराव्या भागापर्यंत पोंचते. म्हणजे मंडईच्या मनोऱ्यावरून दिल्लींत ठेवलेला तुरीचा दाणा! अशा नजरेनें २०१८ सालीं पी३५२–१५ नांवाच्या क्वासाराकडे पाहण्यांत आलें. त्याची ताम्रसृति ५.८४, त्यापासून निघालेली लहर आपल्याकडे येण्यास निघाली तेव्हां विश्वाचें वय शंभर कोटि वर्षांहूनही कमी होतें. साध्या दुर्बिणीला जो एक ठिपका दिसे, तो येथें लांबट व तुटक असा दिसला, आणि त्याची लांबी सुमारें पांच हजार प्रकाशवर्षें भरली. कृष्णविवराजवळून फेंकल्या गेलेल्या द्रव्याच्या झोताची ती खूण असावी. २०२१ सालीं पी१७२+१८ ह्या आणखी दूरच्या क्वासाराची वार्ता आली, ताम्रसृति ६.८२, विश्वाचें वय तेव्हां सुमारें ७८ कोटि वर्षें, आणि त्याच्या पोटांत सूर्याच्या तीस कोटि पट वस्तुमानाचें कृष्णविवर. येथें खरा प्रश्न अंतराचा नसून वेळेचा आहे. इतक्या कोंवळ्या विश्वांत एवढें मोठें कृष्णविवर वाढलें केव्हां? झोत किती लांब गेला हें मोजतां आलें तर तो किती काळ चालला असेल याचा अदमास बांधतां येतो. म्हणून ह्या तुरीच्या दाण्याला एवढें महत्त्व. हा दुवा तुटला कीं उरतात ते नुसते आंकडे.

आंकड्यांवर भाळण्याचा परिणाम काय होतो याचें एक उदाहरण आपल्या घरचेंच आहे. खोडदच्या दुर्बिणीनें १५० मेगाहर्ट्‌झवर जवळजवळ नव्वद टक्के आकाशाची पाहणी केली, आणि तिचें सुधारलेलें फलित २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत सहा लक्षांहून अधिक स्रोत नोंदले गेले. त्यांपैकीं एका स्रोताची ताम्रसृति ५.७२ असल्याचें २०१८ सालीं जाहीर झालें, आणि ‘सर्वांत दूरची रेडिओ दीर्घिका भारतीय दुर्बिणीमुळें सांपडली’ अशा अर्थाच्या बातम्या सर्वत्र झळकल्या. (रेडिओ दीर्घिका ही क्वासाराची सख्खी बहीणच, सामान्यतः मानतात तें असें कीं, मध्यभाग बाजूनें पाहिला तर दीर्घिका, समोरून पाहिला तर क्वासार.) अभिमान वाटणें साहजिकच होतें. परंतु त्या अंतराचा सारा भार वर्णपटांतील एकाच रेषेवर होता. दोन रेषा सांपडल्या तर त्यांच्यामधील प्रमाणावरून त्या कोणाच्या हें ठरतें. एकटी रेषा ओळखावयाची म्हणजे तर्कच करावा लागतो. पुढें जेम्स वेब दुर्बिणीनें तीच वस्तु निरखली तेव्हां तिची ताम्रसृति ४ च्या सुमारास असल्याचें ठरलें. विक्रम गेला. ह्यांत मूळ संशोधकांस दोष देण्याचें कारण नाहीं. एका रेषेवरून जें म्हणतां येईल तें त्यांनीं म्हटलें, आणि अधिक चांगल्या साधनानें तें दुरुस्त झालें. परंतु ज्या मराठी वाचकानें ‘सर्वांत दूरची’ हे शब्द वाचले होते त्याला ही दुरुस्ती कोणीं सांगितल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. त्याला आरंभींच ‘हें एका रेषेवरून’ असे चार शब्द सांगितले असते तर दुरुस्तीची बातमी त्याला पराभवाची न वाटतां रसाची वाटली असती.

येथवरची टीका वर्तमानपत्री लेखनावर झाली. पण मराठींत ‘कशावरून?’ हा प्रश्न स्वतःच विचारणारा एक थोर लेखक होऊन गेला, आणि त्याच्याविषयीं लिहिल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजीं पुण्यास निवर्तले. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेंत त्यांनीं ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप ह्या नांवानें धाडली, ती मोठें नांव पाहून परीक्षकांनीं तराजू झुकवूं नये म्हणून. आद्याक्षरें उलटीं केलेलें तें नांव होतें. २००८ सालीं त्यांनीं ज्योतिष्यांची रीतसर परीक्षा घेवविली. त्यांत पत्रिका पाहून दिलेलीं उत्तरें सरासरीनें निम्मींही बरोबर आलीं नाहींत. जो मनुष्य स्वतःच्या नांवाचाही भार पारड्यांत पडूं देत नाहीं, त्याचें गद्यही तसेंच आहे : साधें, निर्मळ, पायरीपायरीनें चढणारें. ‘आकाशाशी जडले नाते’ सारख्या पुस्तकाची गोडी अलंकारांत नाहीं. युक्तिवाद स्पष्ट दिसतो ह्यांत आहे.

परंतु क्वासारांच्या बाबतींत एक पेंच आहे. १९६१ सालीं केंब्रिजचे मार्टिन राइल यांनीं रेडिओ स्रोतांच्या गणतीवरून स्थिरस्थिति-सिद्धान्त खोटा ठरल्याचें जाहीर केलें, तेव्हां फ्रेड हॉइल यांच्या गैरहजेरींत विद्वत्सभेंत उत्तर देण्याची कामगिरी बावीस वर्षांच्या नारळीकरांवर पडली. हा प्रसंग त्यांनीं स्वतः सांगितला आहे, आणि तो कोणाही वाचकास आवडण्यासारखा आहे. पुढें सारें आयुष्य ते बहुमताच्या विरुद्ध उभे राहिले. १९८० च्या सुमारास त्यांनीं प्र. क. दास यांच्यासह असें सुचविलें कीं, कांहीं क्वासार दूर नसून जवळच्या दीर्घिकांतून फेंकले गेलेले असतील व त्यांची ताम्रसृति अंतराची खूण नसेल. आणि १९९३ सालीं हॉइल व बर्बिज यांच्यासह जुन्या सिद्धान्तास नवें रूप दिलें. बहुसंख्य ज्योतिर्विदांस हीं मतें पटलीं नाहींत, आणि आजवरच्या निरीक्षणांचा कौल आमच्या समजुतीप्रमाणें त्यांच्या विरुद्ध आहे. तरी मत विरुद्ध गेलें म्हणून लेखकाचें मोल उणें होत नाहीं. उणीव दुसरीच आहे. ह्या वादाची एक बाजू मराठींत सुंदर भाषेंत आली, दुसरी आलीच नाहीं. ‘चार नगरांतले माझे विश्व’ ह्या आत्मचरित्रास २०१४ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें व तें घरोघर गेलें. त्यांतील चौथें नगर पुणें. १९८८ सालीं नारळीकरांनीं तेथें आयुकाचा पाया घातला. आणि लगतच्याच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रांत स्वरूप बसत, ज्यांच्या उटीच्या मापनांनीं नारळीकरांच्या पक्षास धक्का दिला होता. स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजीं पुण्यासच वारले. अशा शेजाराची हकीकत मराठींत कोणीं लिहिली? आमच्या वाचनांत तरी ती नाहीं.

ह्याचा परिणाम विपरीत झाला आहे. मध्यमवर्गीय घरांत महास्फोटाविषयीं बोलणें निघालें कीं ‘पण नारळीकरांना तें मान्य नव्हतें’ असें वाक्य हटकून येतें, आणि त्यावर वाद संपतो. का मान्य नव्हतें, कोणत्या निरीक्षणामुळें इतरांस मान्य होतें, हें पुढें कोणी विचारीत नाहीं. ज्यानें जन्मभर आप्तवाक्य मानूं नका म्हणून सांगितलें त्याचेंच वाक्य आप्तवाक्य होऊन बसलें! हा दोष त्यांचा म्हणतां येणार नाहीं; त्यांच्या तोडीनें दुसरी बाजू मांडणारा लेखक आम्हांस मिळाला नाहीं. तराजूला एकच पारडें असलें तर माल कितीही चोख असो, त्याचें वजन होत नाहीं.

ती बाजू लिहिणारास भाषेची अडचण पडेल असें आम्हांस वाटत नाहीं. ‘अंतराळांतून आलेला संदेश’ यासारखे शब्द मात्र त्यानें टाकावे. हायड्रोजनच्या अणूला कोणास कांहीं सांगावयाचें नसतें, आणि ह्या एका शब्दानें परग्रहावरच्या माणसांचा फुकट भास उत्पन्न होतो. ‘क्वासार’ हा शब्द रुळला आहे, तो तसाच ठेवावा. त्याला संस्कृतांतून अवजड प्रतिशब्द काढण्यांत हंशील नाहीं. ‘थाळी’ उत्तम. आणि पिधान तर आपल्या ज्योतिषाचा जुनाच शब्द आहे; चंद्र रोहिणीला झांकतो तें पिधान गच्चीवरून पुष्कळांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें असतें. पहिलें प्रकरण तेथूनच सुरू करतां येईल.